कोशावरचे दोन लाल: पळसाची लाख आणि निवडुंगाचं कोचिनील

गेल्या दिवाळीनंतर माझ्या मागच्या अंगणातल्या ओट्यावर दोन पुड्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक कापडी पिशवी, तिच्यात गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीकडच्या आठवडी बाजारातून आणलेली २ किलो कच्ची लाख, काड्यांसकट. दुसरं चंदेरी पाकीट, त्यात पेरू देशातून आलेलं ५० ग्रॅम कोचिनील. दोन्हींना मी जवळपास सारखेच पैसे मोजले होते. आत होतं तेही म्हटलं तर एकच. झाडाचा रस पिऊन जगणाऱ्या, एकदा बसल्या की जागा न सोडणाऱ्या इवल्या माद्या आणि त्यांच्या अंगातला लाल.

मी नागपुरात राहते आणि १४ वर्षं कोसा, म्हणजे टसर रेशीम, रंगवते. भंडाऱ्याकडचे विणकर मला लडी देतात, मी त्या रंगवून परत पाठवते, ते स्टोल आणि दुपट्टे विणतात. पिवळ्याची मला कधीच अडचण आली नाही, पळसफुलं आहेत, डाळिंबाची सालं आहेत, झेंडू आहे. निळ्याला नीळ आहे. लालाशी मात्र मी सगळ्यात जास्त झगडले. मंजिष्ठा देते तो विटकरीकडे झुकणारा, आल नावाच्या झाडाच्या मुळांचा लाल तपकिरीत शिरतो. ज्याला आपल्याकडे किरमिजी म्हणतात तो गर्द, आतून उजेड असलेला लाल हवा असेल तर किड्याकडेच जावं लागतं. किरमिजी हा शब्द फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी किडाच आहे. घरी रंगवणाऱ्या बायका मला सारख्या विचारतात, ताई, लाल कशात घेऊ, लाखेत की कोचिनीलमध्ये? तोंडी सांगून दमले, म्हणून या वर्षी दोन्ही एकाच कोशावर, एकाच पाण्यात, एकाच तुरटीवर लावून बघितले. जे दिसलं ते लिहिते.

कोचिनीलपासून सुरुवात करते, कारण ते सोपं आहे. पाकिटावर किड्याचं शास्त्रीय नाव छापलेलं होतं, डॅक्टिलोपियस कोकस. आत अख्खे सुकलेले किडे. राखाडी, सुरकुतलेले, वरून चंदेरी भुरा, मिरीचे अगदी बारके दाणे असावेत तसे. स्पॅनिश लोकांनी हे मेक्सिकोतून युरोपात नेलं तेव्हा कित्येक पिढ्या तिकडच्या रंगाऱ्यांना हे धान्य आहे की किडा हेच ठाऊक नव्हतं. ते याला ‘ग्राना’ म्हणजे दाणाच म्हणत, आणि खरं काय ते स्पॅनिश व्यापारी सांगत नसत. पाकीट तळहातावर ओतल्यावर ही चूक कशी झाली असेल ते कळतं. एका किलोत असे दीड लाखाच्या आसपास किडे बसतात. सुकलेल्या किड्याच्या वजनाचा जवळपास पाचवा भाग नुसता रंग असतो, कार्मिनिक आम्ल. मुंग्यांसारख्या शत्रूंनी आपल्याला खाऊ नये म्हणून मादी ते अंगात साठवते.

२०० ग्रॅम कोशाला मी १६ ग्रॅम घेतलं. खलबत्त्यात कुटलं तर पूड जांभळट-काळी निघते, आणि पाणी लागताच लाल पेटते. पहिल्यांदा बघणारा माणूस दचकतो. अर्धा तास उकळून मलमलीतून गाळलं, तोच गाळ पुन्हा उकळला, पुन्हा गाळला. वास जवळजवळ नाहीच, ओल्या धान्याच्या गोणीसारखा थोडासा येतो. सूत आदल्या रात्री तुरटीत भिजवलेलं होतं, १०० ग्रॅम सुताला १५ ग्रॅम तुरटी. तासाभरात रंग चढला, एकसारखा, कुठे डाग नाही. उरलेल्या पाण्यात दुसरी लडी टाकली तर गडद गुलाबी आली, तिसरी टाकली तर कोवळी गुलाबी. १६ ग्रॅममध्ये तीन लडी! पैशाचा हिशोब करताना हे विसरू नका. ग्रॅमचा भाव ऐकून छातीत धडधडतं, पण एक ग्रॅम खूप लांब जातो.

एकदा मात्र फसले, आणि चूक माझीच होती. घाईत बोअरचं पाणी घेतलं. आमच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे, बादलीला तांबडा थर बसतो. कोचिनील त्या पाण्यात पडलं आणि लालऐवजी मळका जांभळा झाला, वांग्याच्या सालीसारखा. लोह दोन्ही रंगांना मारतं, पण कोचिनील जास्त नाजूक. तेव्हापासून पावसाचं साठवलेलं पाणी किंवा फिल्टरचं, दुसरं नाही.

कोचिनील मला परकं वाटत नाही, याचं कारण माझं माहेर. मी संगमनेरकडची. आमच्या वस्तीला फड्या निवडुंगाचं कुंपण होतं. त्याची लालभडक बोंडं काटे घासून आम्ही खायचो आणि तोंड रंगवून घरी जायचो. त्याच निवडुंगाच्या फडांवर पांढऱ्या कापसाचे पुंजके असायचे. माझी आजी म्हणायची, ते बुरशी आहे, हात लावू नको. मी काडीने चिरडून पाहिलं होतं आणि काडी लाल झाली होती, रक्तासारखी. चाळीस वर्षांनी समजलं, ती कोचिनीलची चुलत बहीण. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत या रंगाला नोचेझ्त्ली म्हणतात, निवडुंगाचं रक्त. संगमनेरच्या पोरीने काडीवर जे पाहिलं तेच त्यांनी नाव देऊन ठेवलं होतं.

ही चुलत बहीण इथे कशी आली त्याचीही एक गोष्ट आहे. १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात रिओ दी जानेरोहून काही कोचिनील किडे कलकत्त्याला आणले गेले. मेक्सिकोतल्या स्पॅनिश मक्तेदारीला शह द्यायचा, इथेच लाल पिकवायचा, असा बेत. मद्रासला जेम्स अँडरसन नावाच्या डॉक्टरने त्याआधीच त्यासाठी निवडुंगाची बाग लावली होती. पण आला तो हलका, रानटी जातीचा किडा. रंग फारसा दिला नाही, उलट ज्या निवडुंगावर तो पोसायचा ती जातच त्याने ठिकठिकाणी खाऊन संपवली. रंगाचा धंदा बुडाला, पण तण मारायला किडा चालतो हे जगाला तिथून कळलं. पुढे १९२६ मध्ये दुसऱ्या जातीचा किडा श्रीलंकेहून दक्षिण भारतात मुद्दाम सोडला, कुंपणाबाहेर माजलेला निवडुंग आवरायला. गेल्या वर्षी माहेरी गेले तेव्हा कुंपणावरून दोन चमचे पांढरे पुंजके खरवडून आणले. वाळवून सहा ग्रॅम भरले. रंग आला, खरा आला, पण पेरूच्या मालाच्या निम्माही गडद नाही, आणि मेणाने पाण्यावर तवंग धरला. हौस म्हणून ठीक. गिऱ्हाइकाच्या मालाला नाही.

आता लाख. हिच्यावर जास्त बोलणार आहे, कारण ही जास्त छळते आणि जास्त देते.

केरिया लॅका हा किडा आमच्या विदर्भाच्या पूर्व टोकाला पळसावर, बोरावर आणि कुसुमाच्या झाडावर राहतो. पळस-बोरावरची ती रंगीनी, कुसुमावरची ती कुसुमी. वर्षाला दोन पिकं. रंगीनीची कतकी ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाती येते आणि बैसाखी उन्हाळा संपताना. बिहन लाख म्हणजे किडे आत जिवंत असलेली डहाळी, ती नव्या झाडाला बांधतात. मी एकदा ते ऑक्टोबरअखेर देवरीजवळ एका शेताच्या बांधावर पाहिलं. पळसाच्या फांदीपाशी डोळा नेला तर लाल धूळ चालत होती. एकेक जीव अर्ध्या मिलिमीटरचा. कोवळ्या डहाळीवर एकमेकींना खेटून जागा धरायची, बारीक सोंड सालीत खुपसायची, रस प्यायला लागायचं आणि अंगातून राळ सोडायची. काही आठवड्यांत मादीचे पाय गळतात. मग ती हलत नाही, त्याच राळेच्या खोलीत वाढते, अंडी घालते, मरते. खोल्या एकमेकींना चिकटतात आणि डहाळीवर तांबूस खरबरीत कवच तयार होतं. तेच लाख. संस्कृतात लाक्षा. या अगणित किड्यांवरूनच ते नाव पडलं असं मानतात, आणि झाडाखाली उभं राहिल्यावर मला ते पटलं. मी लेन्स घेऊन गेले होते. राळेतून बाहेर आलेले पांढरे मेणाचे तंतू दिसले, श्वासाची भोकं बुजू नयेत म्हणून. फांदीखाली गोड चिकटा गळत होता आणि मुंग्यांची रांग लागली होती. निवडुंगावरची ती पांढऱ्या लोकरीत बसते, ही राळेच्या खोलीत. बैठक तीच, खाणं तेच, घर वेगळं.

ही लाख आपल्या घरात किती ठिकाणी आहे! बांगड्यांत आहे, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या झिलईत आहे, सुताराच्या पॉलिशच्या चपड्यात आहे, पोस्टातल्या सीलमध्ये होती. पांडवांसाठी वारणावताला बांधलं ते घरही लाखेचं. आणि पायाला लावायचा अळता, तो मुळात याच किड्याचा रस, अलक्तक. पण राळ वेगळी आणि रंग वेगळा. राळ पाण्यात विरघळत नाही, रंग विरघळतो. राळेच्या धंद्याला तो रंग नको असतो, म्हणून कच्ची लाख कुटून धुतात, धुतलेली ती चौरी, चौरीचा पुढे चपडा होतो. एकेकाळी त्या लाल पाण्याला भाव होता. कोचिनीलपेक्षा स्वस्त म्हणून आपल्याकडचा लाखेचा रंग वड्या करून इंग्लंडला जायचा. १८६८ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत अलिझारीन बनलं, मागोमाग कृत्रिम लाल येत गेले आणि लाखेच्या रंगाचा बाजार बसला. राळेचा बाजार टिकला, गाण्याच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या चपड्याच्या बनत होत्या. रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये लाखेवर संशोधन करणारी संस्था उभी राहिली, ती आजही वेगळ्या नावाने चालू आहे.

बाजारात मी ज्या आजीकडून लाख घेते ती गोंड आहे, सत्तरीच्या पुढची. पहिल्या वर्षी मी तिला म्हटलं होतं, घरी नेऊन उकळते. ती म्हणाली, “उकराच्या पान्यात नोको टाकू बाई, सारी लाख हाताले चिपकते. कोमट पानी घे अन् रगड.” मी ऐकलं नाही. पातेलं उकळत ठेवलं. राळ वितळली, काठ्या, किडे, सालं सगळ्यांचा एक ढेकळासारखा गोळा झाला, पळी त्यात उभी राहिली. पातेलं फेकावं लागलं. तेव्हापासून तिच्या शब्दाबाहेर गेले नाही.

पद्धत अशी. काड्या मोडून टाकायच्या, लाख खलबत्त्यात भरड कुटायची, रव्याइतकी. हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात भिजवायची आणि तळहाताने रगडायची. पहिलं पाणी डाळिंबी निघतं. ते गाळून बाजूला, पुन्हा पाणी, पुन्हा रगडणं. तीन पाणी घेते मी. सगळं एकत्र करून रात्रभर न हलवता ठेवते, राळेचा भुकटा तळाला बसतो. वरचं पाणी अलगद ओतून दुपदरी मलमलीतून पुन्हा गाळायचं. हे टाळलं तर तो भुकटा धाग्याला चिकटतो आणि रंगानंतर लडीवर खरखरीत ठिपके राहतात. पण दोन दिवस ठेवलं तर आंबतं, आणि त्याचा वास घरात कुणाला सोसत नाही. माझ्या सुनेने एकदा विचारलं होतं, मागे काही मेलंय का? त्यामुळे संध्याकाळी भिजवून सकाळी रंगवायचं, हे वेळापत्रक सोडायचं नाही.

माल ओळखता यायला हवा. रंगासाठी लाख घ्यायची ती पिलं बाहेर पडायच्या आधी कापलेली, आत माद्या भरलेल्या असलेली. डहाळी मोडून पाहा. कवच फोडल्यावर आत गर्द लाल, ओलसर दिसलं तर घ्या. पिलं निघून गेल्यावर उरते ती फुंकी लाख. राळेला ती चालते, रंगाला नाही. एका वर्षी आजी आजारी होती, मी दुसरीकडून ३ किलो फुंकी उचलून आणली आणि सगळी रगडून जेमतेम गुलाबी आली. हातांना फोड आले ते वेगळेच. ताज्या लाखेतसुद्धा रंग वजनाच्या साधारण एक टक्काच असतो, म्हणून २०० ग्रॅम सुताला मला ४०० ग्रॅम लाख लागते. कोचिनील लागतं १६ ग्रॅम. वजनातला हा फरक ओट्यावर डोळ्यांना दिसतो.

तयार लाख पूड मिळते, धुऊन सुकवून काढलेला अर्क. चांगली मिळाली तर वेळ वाचतो आणि मी एकदा चांगली वापरली आहे. पण एकदा ऑनलाइन मागवलेल्या एका पाकिटाने मला दोन लडी गमवायला लावल्या. पूड भडक, चेरीसारखी. शंका आली म्हणून साध्या सुती चिंधीवर, तुरटी न लावता, गार पाण्यात टाकून पाहिली. चिंधी लगेच गडद लाल! लाख असं करत नाही. सुतीवर ती तुरटी आणि हिरड्याशिवाय धड बसतच नाही. म्हणजे आत काहीतरी कृत्रिम मिसळलेलं होतं. तेवढ्यात दोन लडी रंगवून झाल्या होत्या, धुताना पाणी संपेना. विकणाऱ्याने पैसेही परत केले नाहीत. पूड घ्यायचीच असेल तर आधी ही चिंधीची परीक्षा करा, १० मिनिटांचं काम आहे.

आता मुख्य गोष्ट, रंग. इथे माझं मत अगदी ठाम आहे.

कोसा पांढरा नसतो. त्याला स्वतःचा रंग असतो, मधासारखा, थोडा भाजलेल्या गव्हासारखा. कोचिनीलचा लाल थंड असतो, त्यात निळ्याची झाक. पांढऱ्या तुतीच्या रेशमावर तो गुलाबाच्या पाकळीसारखा फुलतो, लोकरीवर त्याहून. मी मोजून तीन-चार पांढऱ्या लडी रंगवल्या, बघत राहावं असा रंग. पण तोच कोशावर टाकला की खालचा मधाळ रंग वरच्या निळसर लालाशी भांडतो. निघतो तो चांगलाच असतो, पण जरा गढूळ, शिळ्या गुलकंदासारखा. लाख उलटी. तिचा लाल मुळात ऊबदार, मरूनकडे जाणारा. कोशाच्या मधाला ती सामावून घेते. तुरटीवर, चिंचेच्या पाण्याची आंबट साथ देऊन काढलेली लाखेची कोशाची लडी वाळत घातली होती, दुपारच्या उन्हात. पलीकडची शेजारीण भिंतीवरून म्हणाली, हे कुठून आणलं हो? तिला वाटलं नवं कापड आहे. कोचिनीलची लडी तिच्या शेजारीच टांगलेली होती, तिच्याबद्दल तिने विचारलं नाही. माझा निकाल त्या दुपारी लागला.

चिंच का, तर लाखेला आंबट पाणी आवडतं. पुस्तकं द्राक्षाच्या पिंपातला क्षार सांगतात, तो टार्टारिक आम्लाचा. चिंचेतही तेच आम्ल आहे. कोळ दोनदा गाळा, नाहीतर तपकिरी छटा येते. ईशान्येकडे लाखेबरोबर लोध्राची पानं किंवा साल वापरतात, त्यांत तुरटीचं काम करणारं ॲल्युमिनियम मुळातच असतं. मला ती अजून ताजी मिळालेली नाहीत.

हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, चिमूटभर टाकला तर दोघीही बदलतात. कोचिनील करड्या जांभळ्यात जातं, पावसाळी ढगासारखं. लाख गर्द जांभळी होते, पिकलेल्या जांभळाच्या सालीची. इथेही कोशावर लाखच. लिंबू टाकलं तर कोचिनील शेंदरीकडे वळतं आणि तो रंग पांढऱ्या रेशमावर फार देखणा दिसतो, हे कबूल करायलाच हवं. कथिलाचा क्षार लावून कोचिनीलचा तो प्रसिद्ध शेंदरी लाल निघतो, सतराव्या शतकापासून युरोपात लष्करी डगल्यांना लावलेला. मी कथिल वापरत नाही, धाग्याला ते कडक करतं आणि मागचं पाणी माझ्या बागेत जातं.

या वर्षी मला सगळ्यात जास्त आनंद एका वेगळ्याच लडीने दिला. फाल्गुनात वेचून वाळवलेल्या पळसफुलांत आधी पिवळी केली आणि मग त्यावर लाख चढवली. पिवळा फुलाचा, लाल किड्याचा, दोन्ही एकाच झाडाचे. निघाला तो पळस फुलतो तोच रंग, केशरी-लाल. विणकराने फोन करून विचारलं, ताई, याचं नाव काय लिहायचं? मी म्हटलं, पळस लिहा.

टिकाऊपणाची परीक्षा घरगुती आहे, तेवढीच समजा. प्रत्येक लडीचा तुकडा अर्धा पुठ्ठ्यात झाकून पश्चिमेच्या खिडकीत लावला, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. नागपूरचा मे त्यात आला. दोन्ही उतरले, दोन्ही थोडेच उतरले. कोचिनीलच्या फिक्या गुलाबी लडीचा उघडा भाग ओळखू येण्याइतका फिका पडला, गडद तुकड्यात फरक बारीक. लाखेत त्याहून कमी. मंजिष्ठेशी तुलना केली तर दोघीही तिच्या जवळपासच. धुण्यात मात्र दोघींची एकच खोड आहे, कपड्यांच्या पावडरीचा सोडा लागला की लाल जांभळ्याकडे सरकतो.

गिऱ्हाईक विचारतं ते दर वेळी विचारतं, आणि विचारायलाच हवं: यात किडे मरतात का? हो, मरतात. एका १०० ग्रॅमच्या स्टोलला ८ ग्रॅम कोचिनील लागतं, म्हणजे साधारण १२०० किडे. लाखेचे मोजता येत नाहीत, पण तेही तितकेच, कदाचित जास्त. कोशातला जीवही उकळताना मरतो. मी हे लपवत नाही. स्टोलच्या चिठ्ठीवर कशात रंगवलं ते लिहिते, आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी मंजिष्ठेचा लाल वेगळा ठेवते. एका जैन काकूंनी चिठ्ठी वाचून लाखेचा दुपट्टा परत ठेवला आणि मंजिष्ठेचे दोन घेतले. मला त्यांचा राग आला नाही. चिठ्ठी नसती आणि त्यांना नंतर कळलं असतं तर मला माझाच आला असता.

मग कोणतं घ्यावं? नवख्या माणसाने, घरी पहिल्यांदा रंगवणाऱ्याने, पांढरं रेशीम किंवा लोकर असेल तर कोचिनील घ्यावं. मोजायला सोपं, फसत नाही, अख्खे किडे बरणीत वर्षानुवर्षं टिकतात, पाणी चांगलं असेल तर पहिल्या दिवशीच यश. सोयीला मी त्याला १० पैकी ९ देते. कोशाला, आणि कुणाला हातांना त्रास द्यायची तयारी असेल त्याला, लाख. सोयीला १० पैकी ४ सुद्धा जास्त होतील. रंगाला १०. आणि पैशाच्या बाबतीत मला एक गोष्ट लागते, ती सांगतेच: लाखेचे पैसे माझ्या शहरापासून तीन-चार तासांवरच्या एका आजीच्या कनवटीला जातात. तिच्या पळसाला ती दर वर्षी बिहन बांधते, मेमधल्या उन्हात अर्धं पीक करपलं तरी पुन्हा बांधते. चौरी करताना जे लाल पाणी कितीतरी ठिकाणी गटारात सोडून देतात, ते बाटलीत भरून, गाळून, तारीख लिहून कुणी विकायला लागलं तर मी पहिली गिऱ्हाईक. रगडण्याचा सगळा त्रास वाचेल, आणि लाखेला सोयीचे ९ मीच देईन. देवरीला एका व्यापाऱ्याशी बोलून पाहिलं. तो म्हणाला, बाई, राळेचं बघतो मी, पाण्याचं कोण बघणार? मी पुढच्या खेपेला पुन्हा विचारणार आहे.

येत्या कार्तिकासाठी आजीला ५ किलो कतकीचं सांगून ठेवलं आहे, पिलं निघायच्या आधी कापून. कोचिनीलची अर्धी बरणी उरली आहे, ती पांढऱ्या रेशमाच्या सहा लडींसाठी राखून ठेवली आहे.

आणि ज्यांनी माझ्याकडून लाल स्टोल घेतलेत त्यांच्यासाठी. जुलैत पुण्याहून एका ताईंचा फोन आला, त्यांचा लाखेचा स्टोल जांभळा झाला होता, त्या रडवेल्या झाल्या होत्या. बाईने पावडरमध्ये भिजवला होता. मी म्हटलं, अर्धी बादली पाणी घ्या, दोन लिंबं पिळा, गाळून घ्या, स्टोल १५ मिनिटं बुडवा, साध्या पाण्यातून काढा, सावलीत वाळवा. संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला, किनारीला थोडी जांभळट सावली राहिली होती, बाकी लाल परतला होता. यापुढे रिठ्यात धुवा.